घोडा ‘बस्स’ म्हणत नाही

ऑक्टोबर हीट सुरू झाली की आमच्या ऑफिसात एसीच्या रिमोटवरून महायुद्ध पेटतं. त्याच दिवसांत माझ्या मामांना मात्र एकच टेन्शन असतं, चांदणीचं. चांदणी म्हणजे त्यांची काठेवाडी घोडी. मुक्काम पोस्ट मोलगी, तालुका अक्कलकुवा, जिल्हा नंदुरबार. मामा नोकरीनिमित्त सातपुड्यात गेले आणि तिथलेच झाले. घोडी घेतली ती अर्थातच सारंगखेड्याला.

तापीकाठच्या सारंगखेड्यात दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तिथला घोडेबाजार देशभर फेमस, आणि शर्यतीही होतात. यात्रा डिसेंबरच्या थंडीत, पण सराव सुरू होतो दसऱ्यानंतर. वर कडक ऊन आणि खाली जमिनीत अजून पावसाची ओल. ‘‘अगं, नुसतं ऊन परवडलं, ही वाफ नको,’’ मामा म्हणतात.

त्यामागचा फंडा सोपा आहे. घोडा आपल्यासारखाच घाम गाळून गार होतो. पण धावताना त्याच्या स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेतली जेमतेम पाव धावण्यात खर्च होते, बाकीची नुसती उष्णता. चार-पाच क्विंटलचा देह आणि त्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ कमी. उन्हात जोरदार मेहनत झाली तर तासाला दहा-पंधरा लिटर घाम जातो. हवा दमट असली की तो वाळतच नाही, नुसता ठिबकतो. म्हणजे पाणी गेलं आणि गारवाही नाही! शिवाय त्याच्या घामात मीठ इतकं असतं, की ते गेल्यावर मेंदूला तहानेचा निरोप नीट पोचत नाही. आतून सुकलेला घोडा बादलीकडे ढुंकूनही बघत नाही.

मागच्या दिवाळीत मी मोलगीला होते. सकाळचे दहा वाजून गेले होते, चांदणीचे दोन राउंड झाले होते. तिच्यावर बसणारा पोरगा सॉलिड फॉर्मात, ‘‘काका, अजून एक!’’ चांदणीही कान टवकारून तयार. मामांनी तिच्या नाकपुड्या पाहिल्या, बरगड्यांची धाप मोजली आणि सरळ लगाम धरला. ‘‘उतर.’’

खोगीर काढलं, घोडी सावलीत घेतली. थर्मामीटर लावला तर साडेचाळीस! म्हणजे 40.5 अंश सेल्सिअस. घोड्याचं नॉर्मल 38 च्या आसपास. मामांनी विहिरीचं पाणी ओतायला सुरुवात केल्यावर जमलेले दोन आजोबा ओरडले, ‘‘तापल्या घोडीवर गार पाणी नको, अंग धरेल!’’ ही समजूत जगभर आहे. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या निमित्ताने यावर भरपूर संशोधन झालं आणि निष्कर्ष उलटा निघाला. गार पाणी, भरपूर, सगळ्या अंगावर, न थांबता. मामांना त्यांच्या जनावरांच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. मी बादल्या भरत होते, हात गळून आले. साधारण अर्ध्या तासाने धाप बसली आणि चांदणीने पाण्याला तोंड लावलं. तेव्हा मामा खाली बसले.

मोठ्या मैदानांवरही हेच चालतं. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आपला फवाद मिर्झा ‘सेन्यूर मेडिकॉट’वर बसून उतरला, तेव्हा उकाड्यामुळे क्रॉस-कंट्रीचं अंतर कमी केलं होतं आणि ती सकाळी लवकर सुरू केली होती. आपल्या महालक्ष्मीच्या शर्यती हिवाळ्यात, पावसाळ्यात घोडे पुण्याला.

मोलगीत यातलं काही नाही, मामांचे नियम आहेत. दसऱ्यानंतरचे पहिले दोन आठवडे हलकाच सराव, म्हणजे अंग हवेला रुळतं. उजाडताच सुरुवात, आठच्या आत बंद. खाण्यात मीठ. आणि तापमान व दमटपणा दोन्ही बघायचं, नुसता पारा नाही. त्या दिवशी पोरगा उशिरा आला म्हणून वेळ टळली होती. आता उशीर झाला तर सराव कॅन्सल.

‘‘एक राउंड जास्त मारला असता तर?’’ मी रात्री विचारलं.

‘‘मारला असता ना तिने,’’ मामा म्हणाले. ‘‘आपण सांगितलं तर ती पडेपर्यंत पळेल. म्हणून तर सांगायचं नाही.’’