मिरकरवाड्याच्या समुद्रातले दोन उजेड

रत्नागिरीत पाहुणे आले की आम्ही त्यांना थिबा राजवाडा, भाट्याचा किनारा आणि रत्नदुर्ग दाखवतो. मिरकरवाडा दाखवा असे कुणी म्हणत नाही. मासळीचा वास, ओला धक्का, ट्रकांची गर्दी. तिथे पाहण्यासारखे काय आहे, असे त्यांना वाटते. पण ही वस्ती कशावर जगते हे पाहायचे असेल, तर फजरची नमाज आटोपून सरळ मिरकरवाडा बंदरावर जावे.

त्या वेळी रात्रभर समुद्रावर असलेल्या नौका परतत असतात. टोपल्या आणि क्रेट धक्क्यावर चढतात, लिलावाची हाळी सुरू होते आणि बर्फ फोडणाऱ्या यंत्राचा खडखडाट त्यात मिसळतो. बांगडा, तारली, म्हाकुल, गेदर, नशीब असेल तर सुरमई. आळीआळीत मासळी विकणाऱ्या बायका टोपलीच्या भावासाठी हुज्जत घालतात. मागे रत्नदुर्गाचा डोंगर, एका अंगाला मांडवीचा काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला मिऱ्याकडे पसरलेला पांढरा समुद्र. ही नावे वाळूच्या रंगावरून पडली. खलाशांमध्ये नेपाळचे तरुणही दिसतात. हिमालयातला माणूस इथे अरबी समुद्रात जाळे ओढत असतो.

आमच्या वर्गातली कितीतरी मुले याच धक्क्यावर वाढली आहेत. कुणाचे वडील तांडेल, कुणाचे मामा खलाशी, कुणाच्या घरी जाळ्यांची डागडुजी चालते. बंदरावर आठ दिवस मासा आला नाही की ते आम्हाला बाजाराआधी वर्गात समजते. सहलीचे पैसे ‘पुढच्या जुम्याला देतो, सर’ असे होते, आणि एखादा मोठा मुलगा शाळेऐवजी वडिलांबरोबर नौकेवर जातो. म्हणून समुद्राचे विज्ञान हा आमच्यासाठी केवळ पुस्तकातला धडा नाही.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका रात्री पांढऱ्या समुद्रावर लोकांची झुंबड उडाली होती. लाट फुटली की तिच्या कडेने निळा उजेड पळत होता. ओल्या वाळूवर पाय ठेवला तर पावलाभोवती ठिणग्या उठत होत्या. आम्हीही मुलाबाळांसह गेलो, ‘सुब्हानल्लाह’ म्हणत उभे राहिलो. एका बाटलीत पाणी भरून घरी आणले आणि दिवा मालवून बाटली हलवली, तर आतही तोच निळा चमकारा. भिंगातून पाहिले तेव्हा साबुदाण्याच्या दाण्यासारखे, पण त्याहून कितीतरी बारीक, पारदर्शक गोळे तरंगताना दिसले. या जिवाचे नाव नॉक्टिल्युका. शरीर एकाच पेशीचे, आकार फार तर मिलिमीटरभर. पाणी ढवळले की तो प्रकाश सोडतो.

दुसऱ्या दिवशी बंदरावर ओळखीच्या एका वयस्क तांडेलांना आम्ही मोठ्या कौतुकाने हे सांगितले. ते हसले नाहीत. म्हणाले, “लोकांना मजा वाटते, सर. आम्हाला नाही. पाणी असे पेटले की काळोखातही जाळे उजळते. माशाला ते दिसते आणि तो बाजूला होतो.”

या उजेडाचा शोध घेत गेलो तेव्हा आम्ही थेट हिमालयात पोहोचलो. मूळचे गोव्याचे आणि आता अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात काम करणारे जोआकिम गोएस आणि हेल्गा दो रोझारियो गोम्स हे दोन शास्त्रज्ञ बरीच वर्षे अरबी समुद्रातल्या नॉक्टिल्युकाचा अभ्यास करत आहेत. २०२० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात मांडलेला निष्कर्ष समजून घेण्यासारखा आहे.

थंडीत हिमालय आणि तिबेटच्या बर्फावरून थंड, कोरडे वारे अरबी समुद्राकडे येतात. त्यांनी वरचे पाणी गार होते, जड होते आणि खाली बसते. त्याच्या जागी खोलातले, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. शेतकरी नांगर घालून खालची माती वर आणतो, तशीच ही समुद्राची नांगरणी. या खतावर डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्या खाऊन बारीक जीव जगतात आणि त्यांच्यावर मासे. आता डोंगरावरचे बर्फ कमी होत चालले आहे, त्यामुळे तिकडून येणारा वारा पूर्वीपेक्षा उबदार आणि दमट झाला आहे. नांगरणी उथळ होते. डायटम उपाशी पडतात आणि त्यांची जागा नॉक्टिल्युका घेतो. त्याला दोन्ही हातांनी खाता येते, असे म्हटले तरी चालेल. दुसरे सूक्ष्म जीव तो गिळतोच, शिवाय हिरवा नॉक्टिल्युका आपल्या पोटात शेवाळाच्या पेशी बाळगतो आणि त्या उन्हावर अन्न तयार करतात. अडचण अशी की त्याला खाणारे फार थोडे. मुख्यतः जेलीफिश आणि साल्प. म्हणजे समुद्रात जीव भरपूर, पण ते अन्न बांगड्यापर्यंत पोहोचत नाही.

हा अभ्यास प्रामुख्याने अरबी समुद्राच्या उत्तर भागाचा आणि ओमानच्या किनाऱ्याचा आहे. आपल्याकडची प्रत्येक चमकणारी लाट म्हणजे संकट, असा अर्थ त्यातून काढू नये. हा जीव समुद्रात पूर्वीपासून आहे. काळजी त्याच्या प्रमाणाची आहे. आणि ओमान तरी आपल्याला कुठे परका आहे? रत्नागिरीच्या किती घरांतले कमावते हात मस्कतला आहेत! तिथले पिण्याचे पाणी समुद्राचे पाणी गोडे करून मिळते आणि याच हिरव्या थरामुळे ते प्रकल्प तुंबण्याचा धोका शास्त्रज्ञांनी दाखवून दिला आहे. नेपाळच्या डोंगरावरचे बर्फ, मिरकरवाड्याचे जाळे आणि मस्कतचा नळ अशी ही एकच दोरी आहे. वर्गात हे सांगितल्यावर एक मुलगा उभा राहून म्हणाला, “सर, आमच्या नौकेवरचा नेपाळी भाऊ सांगतो, त्याच्या गावच्या डोंगरावर आता पहिल्यासारखे बर्फ पडत नाही.” पुस्तक लिहिणाऱ्यांना जे उपग्रहावरून दिसले, ते या मुलाला नौकेवरच ऐकायला मिळाले होते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधनही याच दिशेने बोट दाखवते. १९०१ ते २०१२ या काळात हिंदी महासागराच्या पश्चिम भागाचे उन्हाळी तापमान सुमारे १.२ अंश सेल्सिअसने वाढले. त्याच भागात साठ वर्षांत सूक्ष्म वनस्पतींचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत घटल्याचे त्यांनी २०१६ मध्ये मांडले. २०२१ च्या अभ्यासात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या १९८२ ते २०१९ या काळात ५२ टक्क्यांनी वाढल्याचे, तर अतितीव्र वादळे दीडशे टक्क्यांनी वाढल्याचे दिसले.

मिरकरवाड्याला या आकड्यांची नावे ठाऊक आहेत. नोव्हेंबर २००९ चे फयान, २०१९ चे क्यार आणि महा, जून २०२० चे निसर्ग, मे २०२१ चे तौक्ते. निसर्गच्या वेळी एक मोठे जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतले होते. वादळ दूरवरून गेले तरी नौका बंदरात अडकतात आणि हंगामातले दिवस वाया जातात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये महाराष्ट्राची सागरी मासळी २.०१ लाख टनांवर आली. पंचेचाळीस वर्षांतला तो नीचांक होता.

इथवर वाचून कुणी म्हणेल, यात मिरकरवाड्याचा काय दोष? जगाने धूर केला आणि भोगतो आम्ही. हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण या समुद्रात आणखी एक उजेड आहे आणि त्याबद्दल आपण घरात, मोहल्ल्यात बोलायला कचरतो.

रात्री किल्ल्यावरून पाहिले तर कधी कधी क्षितिजावर एखादे गाव वसल्यासारखा पांढरा झोत दिसतो. ते एलईडीचे दिवे. जनरेटरवर प्रखर दिवे लावले की चारी बाजूंचा मासा, पिल्लांसकट, उजेडाकडे धावतो आणि जाळ्यात सापडतो. या पद्धतीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. अख्ख्या थव्याला वेढा घालणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध आणले. पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांचा वाद जुना आहे, त्यात दोन्हीकडे आपलेच लोक आहेत, दोन्हीकडे कर्जाचे हप्ते आहेत. कुणाला गुन्हेगार ठरवणे आमचे काम नाही. पण साधा हिशेब तरी करावा. वरून गरम झालेला, अन्न आटलेला समुद्र आणि खालून पिल्लेही न सोडणारे जाळे. दोन्हीकडून ओढले तर दोरी तुटणारच.

कुरआनच्या सूरह रूममध्ये जमिनीवर आणि समुद्रात माजलेल्या बिघाडाचा संबंध माणसाच्या हातांच्या कमाईशी जोडला आहे, आणि माणसाने माघारी फिरावे ही अपेक्षाही तिथेच आहे. समुद्राचा उल्लेख त्यात स्पष्ट आहे, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या आपण विसरू नये. रोजी देणारा अल्लाह आहे, यावर आपला ईमान आहे. पण रोजीची बरकत आणि रोजीची लूट यांतला फरक ओळखण्याची अक्कलही त्यानेच दिली आहे. हलाल मासा हलाल रीतीने धरला आहे का, हा प्रश्न आपण कधी विचारतो का?

मिरकरवाडा हिमालयाचे बर्फ परत आणू शकत नाही. एलईडी मात्र विझवू शकतो. १ जून ते ३१ जुलैची बंदी मनापासून पाळू शकतो. आणि ज्यांची नौका नाही त्या आपल्या घरांनाही एक काम आहे. २०२३ मध्ये राज्याने चंदेरी पापलेटला राज्यमासा ठरवले आणि ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. आमच्या मुलांनी शाळेतल्या पट्टीवर तेवढ्या लांबीची खूण केली आणि ती आपापल्या अम्मीला दाखवली. एकीने आम्हाला निरोप पाठवला, “सर, स्वस्त मिळतात म्हणून बारके पापलेट घेत होतो. आता मुलगी पिशवी धरू देत नाही.”

गेल्या हंगामात ते तांडेल पुन्हा धक्क्यावर भेटले. नातू शेजारी उभा होता, आमच्याच वर्गातला. आम्ही सहज विचारले, हा पुढे नौका चालवणार का? ते समुद्राकडे पाहत म्हणाले, “चालवायला हरकत नाही, सर. याच्यापर्यंत मासा उरला पाहिजे.” तेवढ्यात लिलावाची हाळी झाली आणि ते टोपल्यांकडे वळले. नातू शाळेच्या रस्त्याला लागला.