दोनाच्या जागी तीन

शनिवार सकाळ. पोहे झालेत, चहाचा दुसरा कप हातात आहे आणि "आज पंखे पुसायचेत" ही घोषणा घरातून अजून व्हायचीय. तेवढ्यात लिहून घेतो.

एक गोष्ट बरेच दिवस लिहायची राहून गेलीय. राहून गेलीय म्हणजे, खरं सांगायचं तर, टाळली. कारण तिच्यात अस्मादिक काही फारसे शोभून दिसत नाहीत.

गोष्ट २०१६ ची. मी तेव्हा पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत भूजलाचं सिम्युलेशन करायचो. म्हणजे काय, तर एका विहिरीतून इतका इतका उपसा केला तर आजूबाजूच्या विहिरींचं पाणी किती उतरेल याचं गणित. जमिनीचे लाखो छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचं इवलंसं गणित मांडायचं, ते सगळं एका अवाढव्य मेट्रिक्समध्ये रचायचं आणि सोडवायचं. एका प्रोसेसरला हे झेपत नाही, म्हणून काम अनेक प्रोसेसमध्ये वाटायचं.

त्यासाठी आम्ही पेट-सी वापरायचो. (स्पेलिंगमध्ये मधे एक एस आहे, पण तो उच्चारायचा नाही असं त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय. आपल्याकडे असतं तर यावर एक परिसंवाद झाला असता.) ही लायब्ररी १९९१ मध्ये शिकागोजवळच्या आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीत सुरू झाली. योगायोग म्हणजे त्याच वर्षी आमच्या पुण्यात सी-डॅकने परम ८००० उभा केला.

पेट-सी मेट्रिक्सच्या ओळी वाटून टाकते. पहिल्या काही ओळी पहिल्या प्रोसेसच्या मालकीच्या, पुढच्या दुसऱ्या प्रोसेसच्या, असं. पण आकडा टाकताना ओळ तुमच्याच मालकीची हवी अशी सक्ती नाही. दुसऱ्याच्या ओळीत भर घालायची असेल तर बिनधास्त घाला. लायब्ररी तो आकडा बाजूला ठेवते आणि शेवटी असेम्ब्लीच्या वेळी ज्याचा त्याला पोचवते.

सोसायटीच्या गणपतीची वर्गणी डोळ्यासमोर आणा. ए विंगचा कार्यकर्ता जिन्यात भेटला म्हणून बी विंगच्या काकांनी पैसे त्याच्याकडे दिले. हरकत नाही, रात्री हिशेबात ते बी विंगच्या नावावर जमा होतात. फक्त एक पथ्य पाळायचं: त्याच काकांकडे बी विंगवाल्यानेही पावतीपुस्तक घेऊन जायचं नाही. गेला तर काका वैतागतील तरी. मेट्रिक्स वैतागत नाही. ती दोन्ही पावत्या गुपचूप जमा करून घेते.

आता पात्रपरिचय. जमिनीचे तुकडे कुठल्या प्रोसेसने सांभाळायचे याची वाटणी करणारा कोड माझा. ते तुकडे घेऊन मेट्रिक्स भरणारा कोड आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या एका मुलीचा. कॉलेजातून बाहेर पडून तिला सहा-सात महिने झाले असतील. हुशार, पण बोलायला बिचकणारी.

एका सोमवारी ती माझ्या जागेपाशी आली. "सर, एका प्रोसेसवर उत्तर बरोबर येतंय. चारवर जरा वेगळं येतंय."

एका प्रोसेसवरचं उत्तर बरोबर, हे आम्हाला नक्की माहीत होतं. एकट्या विहिरीसाठी ते थीमच्या १९०६ सालच्या सूत्राशी जुळायचं. मी स्क्रीनवरून नजर न हलवता विचारलं, "किती वेगळं?"

"दोन-तीन टक्के. आणि सोळा प्रोसेसवर अजून जास्त."

"अगं, फ्लोटिंग पॉइंट आहे ते. बेरजेचा क्रम बदलला की उत्तर बदलतं."

मंडळी, हे वाक्य खरंच आहे, म्हणून तर ते इतकं धोकादायक. कॉम्प्युटरमध्ये बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे आकडे हलतात, प्रोसेस बदलल्या की क्रम बदलतो, सगळं मान्य. पण डबल प्रिसिजनमध्ये पंधरा-सोळा आकडे विश्वासाचे असतात. फरक बाराव्या-तेराव्या आकड्यात दिसला असता तर माझं म्हणणं ठीक होतं. तीन टक्के म्हणजे दुसऱ्या आकड्यात बोंब! इतकं साधं गणित मला त्या सकाळी करावंसं वाटलं नाही. समोरची नवीन होती आणि मी सीनियर होतो. बास.

ती गेली, तिचा कोड पुन्हा तपासला, दोन दिवसांनी परत आली. मग मी दुसरं कारण दिलं: सॉल्व्हर. हेही निम्मं खरं. पेट-सी काही न सांगता एका प्रोसेसवर एक प्रीकंडिशनर लावते आणि अनेक प्रोसेसवर वेगळा, आणि "झालं, सुटलं" म्हणण्याची तिची मूळ मर्यादा सैलसर असते, दहाचा उणे पाचवा घात. त्यामुळे उत्तरं थोडी हलतात. तिने मर्यादा उणे बारापर्यंत कसली. फरक तसाच. मग तिने स्वतःच्या बुद्धीने सॉल्व्हरच बदलला आणि थेट एलयू पद्धतीने मेट्रिक्स सोडवली. तरी तोच फरक, तितकाच.

खरं तर खटला इथेच निकालात निघायला हवा होता. दोन अगदी वेगळे सॉल्व्हर तेच चुकीचं उत्तर देत असतील, तर सॉल्व्हर निर्दोष. ते विचारलेल्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर देतायत. प्रश्नच चुकीचा विचारला जातोय, म्हणजे मेट्रिक्स नाहीतर उजवीकडचा व्हेक्टर चुकलाय. मीही हाच निष्कर्ष काढला. आणि मेट्रिक्स कोण भरतं? ती. "तुझ्या असेम्ब्लीतच काहीतरी आहे, नीट बघ," म्हणून मी मोकळा झालो. वरून, "प्रत्येक ओळीची बेरीज शून्य येते का बघ," असा वडीलधारा सल्लाही दिला. ती बघून आली. शून्य येत होती. मेट्रिक्स सिमेट्रिकही होती. सगळ्या परीक्षा पास!

असे अकरा दिवस गेले. पुढच्या सोमवारी क्लायंटला रिपोर्ट जायचा होता. कुणाची विहीर किती उतरेल, याचा.

शनिवारी सकाळी घरी मी शेवटी तेच केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. प्रश्न लहान केला. इतका लहान, की वहीत मावेल. एक सरळ रेघ, तिच्यावर ९ बिंदू, मधे ८ तुकडे. एका टोकाला पाण्याची पातळी १००, दुसऱ्या टोकाला २०. उत्तर शाळकरी पोरही सांगेल: १००, ९०, ८०... मेट्रिक्सही तोंडपाठ: आतल्या प्रत्येक ओळीत उणे एक, दोन, उणे एक.

एका प्रोसेसवर चालवलं. ९०, ८०, ७०. छान.

दोन प्रोसेसवर चालवलं. ८९.३३.

मेट्रिक्स छापून बघितली. पहिल्या प्रोसेसकडे पाच ओळी, दुसऱ्याकडे चार. कर्णावर दोन, दोन, दोन... आणि पाचव्या आणि सहाव्या ओळीत, बरोबर शिवणीवर, दोनाच्या जागी तीन. शेजारी उणे एकाच्या जागी उणे दोन. जोडावरचा एक तुकडा दोनदा जमा झाला होता. आणि गंमत बघा, उणे एक, तीन, उणे दोन, यांची बेरीजही शून्यच! माझी परीक्षा ही चूक कधीच पकडू शकली नसती.

दोनदा का जमा झाला? पोटात गोळा आला, कारण उत्तर मला लगेच आठवलं. महिनाभरापूर्वी एका शुक्रवारी संध्याकाळी, पाण्याचा वेग काढायला सोयीचं पडावं म्हणून, मी माझ्या वाटणीत बदल केला होता. प्रत्येक प्रोसेसला शेजारच्याच्या तुकड्यांचा एक थर जास्तीचा देऊन टाकला. कुणाला सांगितलं नाही. तिचा कोड बिचारा हातात आलेला प्रत्येक तुकडा इमानाने जमा करत होता. काकांच्या दारी दोन पावतीपुस्तकं मीच पाठवली होती.

मग तिला मेल लिहायला बसलो आणि इनबॉक्समध्ये तिचीच मंगळवारची मेल दिसली. न उघडलेली अटॅचमेंट. तिने एका आणि चार प्रोसेसवरच्या उत्तरांची वजाबाकी करून त्या फरकाचा रंगीत नकाशा काढला होता. फरकाचा उतार बरोबर प्रोसेसच्या सीमांवर मोडत होता, कपड्यावरच्या शिवणीसारखा. खाली एकच ओळ: "सर, हे पार्टिशनच्या बॉर्डरवर येतंय असं वाटतं, पण मी चुकत असेन."

चुकत असेन.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेत स्टाव्हांगरजवळ स्लाइप्नर ए या तेल प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणी चालू असतानाच बुडाला. फायनाइट एलिमेंटच्या गणितात कर्तन ताण ४७ टक्क्यांनी कमी आला होता. तिथेही प्रोग्रॅमने दिलेला प्रश्न बिनतक्रार सोडवला होता. तुकडेच नीट पाडलेले नव्हते. आमच्या रिपोर्टने काही बुडालं नसतं. पण कुणाला तरी "तुमच्या विहिरीला धोका नाही" असं आम्ही चुकीच्या आकड्यावर सांगितलं असतं.

सोमवारी रिपोर्ट चार दिवस पुढे ढकलला. दुरुस्ती दोन ओळींची: तुकडा ज्याच्या मालकीचा, जमा फक्त त्यानेच करायचा. मग तिच्या जागेपाशी गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी होती, आणि तू मंगळवारीच ती दाखवली होतीस. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सर, मी तीन रात्री तो फॉर्म्युला पुन्हा पुन्हा काढत होते. मला वाटलं मला बेसिकच येत नाही."

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

नंतर ती म्हणाली, "ते नऊ बिंदूंचं मी टेस्टमध्ये टाकू का? एक, दोन, तीन, चार प्रोसेसवर?" टाक म्हटलं. पुढे ती दुसरीकडे गेली, मीही ती कंपनी सोडली. पण मी होतो तोवर ती टेस्ट रोज रात्री चालायची आणि सकाळी ९०, ८०, ७० बघून मला बरं वाटायचं.

आता कुणी "जरा वेगळं येतंय" म्हणालं की मी आधी किती ते नीट ऐकतो. मग अटॅचमेंट उघडतो. मग माझा शुक्रवार संध्याकाळचा कोड.

असो. पंख्यांची घोषणा झालीय. निघतो.