श्रीरामपूरचा डावखुरा

माझं माहेर श्रीरामपूर. दौंड-मनमाड लाइनवरचं गाव, पण स्टेशनला आम्ही लहानपणापासून बेलापूर म्हणत आलो, त्यामुळे पाहुण्यांचा हमखास गोंधळ व्हायचा. प्रवरेच्या कालव्याचं पाणी, ऊस, हंगामात रस्त्याने जाणाऱ्या उसाच्या गाड्या, आणि त्यांच्यामागे धावत ऊस ओढणारी पोरं. नगर जिल्ह्यातलं (२०२४ पासून अहिल्यानगर, जिभेला अजून वळण लागायचंय) चारचौघांसारखं हे गाव. पण सासरी संगमनेरला कुणी माहेर विचारलं, की माझी मान जरा ताठ होते. "झहीर खानचं श्रीरामपूर ना?" असं पुरुषमंडळी लगेच विचारतात.

झहीरचा जन्म ऑक्टोबर १९७८ चा. वडील छायाचित्रकार, आई शिक्षिका. म्हणजे घर आपल्यासारखंच; महिन्याचा हिशेब महिन्यातच बसवणारं. मुलगा अभ्यासात बरा, इंजिनिअर होईल असं सगळे धरून चाललेले. आणि त्या मुलाला वडिलांनी सांगितलं म्हणतात, की देशात इंजिनिअर पुष्कळ आहेत, तू वेगवान गोलंदाज हो. ही गोष्ट आमच्याकडे नेहमी वडिलांचं कौतुक म्हणून सांगितली जाते. मी स्वतः अर्धवेळ का होईना, शाळेत शिकवते, म्हणून माझं मन त्या आईपाशी जातं. रोज दुसऱ्यांच्या मुलांना "आधी अभ्यास" असं बजावायचं, आणि आपला सतरा वर्षांचा मुलगा चेंडू टाकायला मुंबईला निघालेला पाहायचा! तेव्हा आयपीएल नव्हतं, लिलावातले कोटींचे आकडे नव्हते. त्यांच्या मनात काय आलं असेल, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

मुंबईत सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबने त्याला जवळ केलं. तिथून चेन्नईची एमआरएफ पेस फाउंडेशन. तिथे टी. ए. शेखर यांनी त्याला घडवलं. पहिला रणजी संघ मात्र मुंबईचा नव्हे, बडोद्याचा! ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीला तो पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना खेळला आणि नोव्हेंबरात ढाक्याला पहिली कसोटी. बावीस वर्षांचं पोर.

मग आला २३ मार्च २००३ चा रविवार. विश्वचषकाचा अंतिम सामना. मी तेव्हा शाळेत होते. गल्लीत ज्यांच्याकडे मोठा टीव्ही, त्यांच्याकडे सगळे जमलेले, कुणाच्या हातात चिवड्याची ताटली, कुणाचं बाळ मांडीवर. पहिलं षटक आपल्या गावच्या मुलाचं! आणि त्या षटकात पंधरा धावा गेल्या. सात षटकांत सदुसष्ट, बळी एकही नाही. स्पर्धेत त्याने अठरा बळी घेतले होते, पण दुसऱ्या दिवशी त्या अठरांचं नाव कुणी काढलं नाही. पानाच्या टपरीपासून भाजीबाजारापर्यंत एकच वाक्य, "त्याला दडपण झेपलं नाही." त्या घरावरून जाताना लोक आवाज कमी करत, असं मला आठवतं.

त्या वर्षाच्या अखेरीस ब्रिस्बेनला त्याने पाच बळी घेतले आणि लगोलग मांडीच्या मागचा स्नायू दुखावला. पुढची दोन-तीन वर्षं संघात आत-बाहेर. २००६ साली संघाबाहेर असताना तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून खेळला. तिथे कौतुक करायला गाव नव्हतं की कॅमेरे नव्हते. एक सामना संपला की पुढचा. त्या हंगामात त्याने अठ्ठ्याहत्तर बळी घेतले. धाव कमी केली आणि नुसत्या वेगावर विसंबणं सोडलं. मला त्याच्या कारकिर्दीतला हाच भाग सगळ्यांत आवडतो, आणि यावर कुणी सिनेमा काढणार नाही हेही ठाऊक आहे.

पुढच्याच वर्षी ट्रेंट ब्रिजला तो फलंदाजी करत असताना कुणीतरी खेळपट्टीवर जेलीच्या गोळ्या टाकल्या. पोरकटपणाच! तो भडकला. सामन्यात नऊ बळी घेतले आणि आपण एकवीस वर्षांनी इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. २०११ च्या विश्वचषकात एकवीस बळी. अंतिम सामन्यात पहिल्या पाच षटकांत फक्त सहा धावा, त्यातली तीन निर्धाव. शेवटच्या पाचांत मात्र चोपन्न गेल्या, हे वानखेडेच्या जल्लोषात सगळेच विसरले. २००३ मध्ये अठरा विसरले होते, तसेच.

त्या स्पर्धेत त्याने एक फसवा हळू चेंडू वापरला, बोटांची पेरं दुमडून धरलेला. तो नकल बॉल मुळात अमेरिकेतल्या बेसबॉलचा. आमच्या धाकट्याने त्याचा व्हिडिओ पाहिला आणि तेव्हापासून घरातली लिंबंसुद्धा पेरांनी धरली जातात. तो तेरा वर्षांचा आहे, वेगात टाकतो, आणि दिवाळीनंतर त्याची पाठ दुखायला लागली. सासूबाईंनी तेल चोळलं. हे म्हणाले, वाढीचं दुखणं आहे. सरांनी सांगितलं, जोर कमी पडतोय, आणखी चेंडू टाक.

मग मी बेसबॉलचं वाचलं. तिथे चेंडू फेकणाऱ्या मुलांसाठी मोजमाप ठरवून दिलंय. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने एका दिवसात जास्तीत जास्त पंच्याण्णव चेंडू फेकायचे आणि सहासष्टच्या वर गेले तर चार दिवस विश्रांती. मोठे व्यावसायिक खेळाडूसुद्धा एकदा फेकले की साधारण चार-पाच दिवस थांबतात. इंग्लंडमध्येही लहान वेगवान गोलंदाजांच्या षटकांना वयाप्रमाणे मर्यादा आहे, कारण वाढत्या वयात कमरेच्या मणक्याला बारीक तडा जाऊ शकतो. आपल्याकडे मैदानावर कोण मोजतंय? सकाळी नेट, संध्याकाळी टेनिस चेंडूचा सामना, रविवारी दोन सामने.

मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर रकाने आखले. तो घरी आला की विचारते, "किती टाकले?" पहिल्या आठवड्यात त्याने खोटे आकडे सांगितले, ते मी त्याच्या मित्राकडून काढून घेतले. एका मंगळवारी एकशे साठ! हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. तडा नाही, पण सहा आठवडे गोलंदाजी बंद आणि पोटाचे-पाठीचे व्यायाम. घरात दोन दिवस कुणी धड बोललं नाही. हे म्हणतात, या निमित्ताने क्रिकेटचं खूळ सुटलं तर बरंच, गणिताची शिकवणी लावू. मला तसं वाटत नाही, आणि मी ते बोलूनही दाखवलं. खेळायचं की नाही ते तो सतरा वर्षांचा झाल्यावर ठरवू; तोवर पाठ शाबूत राहायला हवी.

झहीर २०१५ साली निवृत्त झाला. ब्याण्णव कसोटींत तीनशे अकरा बळी. भारताच्या वेगवान गोलंदाजांत तेव्हा कपिल देवच्या खालोखाल. २०११ मध्ये लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी पुन्हा तोच मांडीमागचा स्नायू गेला होता आणि त्याच्याशिवाय आपण ती मालिका चार-शून्य हरलो. २०२० मध्ये त्याला पद्मश्री मिळाली, तेव्हा माहेरहून आईचा फोन आला होता.

धाकट्याचे सहा आठवडे येत्या शनिवारी संपतात. सरांना मी भेटून आले. पहिल्या दिवशी चोवीस चेंडू, असं ठरलंय.