खांबाचं काय करायचं?

वाशीमला येणारा माणूस बालाजीचं दर्शन घेतो, पद्मतीर्थावर चक्कर मारतो आणि परतीच्या गाडीला लागतो. या गावात साहित्याचं लग्न लागलं होतं, हे त्याला सहसा कुणी सांगत नाही. दहाव्या शतकाच्या आसपास राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ लिहिली. तीत काव्यपुरुष रुसून निघून जातो, गौरी त्याच्या मागे साहित्यविद्येला धाडते, आणि देशभर भटकून झाल्यावर दोघांचा गांधर्व विवाह होतो तो विदर्भातल्या वत्सगुल्म नगरीत. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेलं वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम.

मला मात्र त्या लग्नापेक्षा त्याच पोथीतलं दुसरं एक प्रकरण जवळचं वाटतं. रचणाऱ्याची प्रतिभा वेगळी आणि आस्वाद घेणाऱ्याची वेगळी, असं राजशेखर म्हणतो आणि मग आस्वादकांच्या जाती सांगतो. मंगल नावाच्या आचार्याने दोनच सांगितल्या होत्या, याने चार केल्या. अरोचकी, म्हणजे ज्याला काहीच रुचत नाही. सतृणाभ्यवहारी, म्हणजे गवतासकट सगळं गिळणारा. मत्सरी, ज्याला गुण दिसतो पण तोंड उघडत नाही. आणि तत्त्वाभिनिवेशी, जो गाभ्याला हात घालतो. हा हजारात एखादा.

आम्ही काही हौशी फोटोवाले सुट्टीच्या दिवशी एका स्टुडिओच्या मागच्या खोलीत जमतो. कुणी शिक्षक, कुणी बँकेतला, एक औषधांच्या दुकानातला. एकमेकांचे फोटो संगणकाच्या पडद्यावर लावायचे आणि बोलायचं. या खोलीत राजशेखराच्या चारही जाती चहा पिताना दिसतात. गवत खाणारे सर्वांत जास्त. “भारी!” “लयच जबरदस्त!” इतकं बोलून ते पुढच्या फोटोकडे वळतात. त्यांचा राग येत नाही, नव्या उत्साहात सगळ्यांचं तसंच होतं. पण त्या ‘भारी’तून काढणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. अरोचकी उलटा. त्याची ‘नॉइज आहे’, ‘शार्प नाही’ ही दोन वाक्यं तयारच असतात, आणि ती कुठल्याही फोटोला चालतात. अरुची दोन तऱ्हांची, असंही राजशेखर सांगतो: एक जन्मजात, ती कशानेही जात नाही, दुसरी ज्ञानातून आलेली, ती खरोखर उत्तम काही समोर आलं की विरघळते. आमच्या स्टुडिओवाल्या काकांची दुसरी. ते बराच वेळ गप्प बसतात, म्हणून त्यांनी मान हलवली की खोली सावरून बसते.

मग कामाचं बोलायचं म्हणजे काय बोलायचं? मध्यंतरी एकाने कारंजा-सोहोळच्या अभयारण्यातला काळवीट आणला. भर दुपारचा. पाठ काळी ठिक्कर, पोट पांढरंफट्ट, दोन्हीकडचे केस नाहीसे झालेले. “ऊन वाईट होतं” एवढं म्हणून कुणीही सुटला असता. काकांनी त्याला समजावलं, की कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला रंग कळत नाही, तो समोरचं सगळं सरासरी करड्यावर आणू पाहतो. एकाच अंगावर काळा आणि पांढरा असला की दुपारी दोन्ही सांभाळता येत नाहीत. पोट वाचेल इतका उजेड कमी घे, नाहीतर सकाळी ये. वेचणीला आलेल्या कपाशीचं याच्या उलट. तिथे उजेड एक स्टॉप वाढवला नाही तर पांढरा कापूस मळकट दिसतो. शिवाय काळवीट उजवीकडे धावत होता आणि नाक चौकटीला टेकलेलं. “त्याले पळाले जागा ठेव ना बाप्पा!”

असं बोलणं पुढच्या वेळी सोबत येतं. आकाश पाहताना, बटण दाबताना.

पण मला खरी गंमत वाटली ती मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरच्या एका मुलाच्या फोटोत. अंगणात आजी बसलेली, आरशांची भरतकामाची ओढणी, छान तिरपं ऊन. आणि तिच्या डोक्यातून उगवल्यासारखा विजेचा खांब. खोलीतल्या सगळ्यांचं एकमत झालं: खांब काढ. सॉफ्टवेअरमध्ये मिनिटाचं काम. एकजण तर तिथल्या तिथे पुसायलाही बसला. तेवढ्यात औषधांच्या दुकानातल्याने विचारलं, “थांबा बरं. तू फोटो कायचा काढला, सांग आधी.”

पोरगं चाचरत म्हणालं, “खांबाचाच. आजी रोज तिथंच बसते. लाइट आली तवापासून.”

पुसणाऱ्याने माउस सोडला. सूचना तिथून पार फिरल्या. खांबच सांगायचा असेल तर तो असा अर्धवट मागे लपवून चालणार नाही. दोन पावलं बाजूला सर, म्हणजे तो आजीच्या डोक्यातून सुटेल आणि तिच्या शेजारी उभा राहील. तार चौकटीबाहेर जाऊ दे. दिवेलागणीला जा, दिवा पेटलेला असू दे.

माझ्या लेखी तत्त्वाभिनिवेशी तो औषधांच्या दुकानातला, आणि त्याला राजशेखराचं नावही ठाऊक नाही. काकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते प्रश्न विचारणं सोपं, उजेडाचं सांगणं अवघड. दोन पावलं डावीकडे की उजवीकडे, यावरही त्या दोघांचं अजून जुळलेलं नाही; डावीकडे गेलं तर शेजारच्या घराचे पत्रे मध्ये येतात, आणि उजवीकडे म्हैस बांधलेली असते.