नऊवारी आणि नऊ आकडे

४ ऑगस्ट २०२४, रविवार, एडिसन

न्यू जर्सी सरकारला सव्वाशे डॉलर भरून आमची एलएलसी कंपनी परवाच नोंदवली. गणपती ७ सप्टेंबरला. ढोल पथकातल्या बायकांच्या शिवलेल्या नऊवारींची ऑर्डर हातात आहे आणि बँकेतली बाई म्हणते, खातं उघडायचं तर आधी ईआयएन आणा. म्हणजे धंद्याचा केंद्रीय कर क्रमांक. एकटीचा उद्योग असता तर माझ्या सोशल सिक्युरिटी नंबरावर भागलं असतं. पण जाऊबाई बरोबरीने मालक, त्यामुळे आयआरएसच्या, म्हणजे केंद्रीय कर खात्याच्या लेखी ही भागीदारी. दर १५ मार्चपर्यंत धंद्याचं वेगळं विवरणपत्रही आलंच.

जेवणं आटोपून लॅपटॉप उघडला. पहिलीच साइट निळी-पांढरी, वर गरुड, थाट अगदी सरकारी. सगळं भरत गेले आणि शेवटी फी निघाली २४९ डॉलर! कार्ड पर्समधून काढलंही होतं. मग तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत दिसलं, आमचा सरकारशी संबंध नाही. आयआरएस हा क्रमांक फुकट देते. पैसे वाचले, पण माझा सोशल सिक्युरिटी नंबर त्यांच्या फॉर्ममध्ये टाकून बसले होते, त्याची धाकधूक आहेच.

खऱ्या साइटवर गेले तर ती बंद. सोमवार ते शुक्रवार, सकाळी ७ ते रात्री १०. संगणकालाही रविवारची सुट्टी असते हे आज कळलं.

५ ऑगस्ट, सोमवार

फॉर्मला एकच ‘जबाबदार व्यक्ती’ हवी. जाऊबाई म्हणाल्या, “तूच हो गं. गल्ला तुझ्याकडे, शिव्या खायला मी आहेच.” मग माझ्या नावाचा घोळ. ते सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी जुळायला हवं. पासपोर्टवर मधे नवऱ्याचं नाव, कार्डावर काय आहे ते आठवेना. कार्ड शोधायला तळघरात गेले. सापडलं फॉल-पिकोच्या बिलांखाली, आणि मधलं नाव त्यावर नाहीच! वर आले तर पडदा कोरा. पंधरा मिनिटं हात लावला नाही की भरलेलं सगळं जातं, अर्धवट जपून ठेवायची सोय नाही. तोवर दहा वाजून गेले होते.

६ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी चहा व्हायच्या आत काम झालं. एकच अडलं. आमच्या धंद्याच्या नावातला अॅपॉस्ट्रॉफी चालेना, जोडरेघ नाहीतर ‘अँड’चं चिन्ह एवढंच चालतं. तो गाळून टाकला. शेवटी सीपी ५७५ नावाचं पत्र उतरवून घेतलं, दोन प्रती छापल्या.

जाऊबाईंनी कागद उजेडात धरला. “पॅनचं चौथं अक्षर बघून माणूस की फर्म ते तरी कळतं. यात नुसते आकडे.” खरंय. माझ्या नंबरातही नऊच आकडे, फरक आडव्या रेघेचा. माणसाला तीन-दोन-चार, धंद्याला दोन-सात. कापड तेवढंच, निऱ्या वेगळ्या.

धंदा बुडाला तरी हा क्रमांक दुसऱ्या कुणाला मिळत नाही, असं मी म्हटलं. “बुडायचं सकाळी सकाळी कशाला काढतेस?” म्हणत त्यांनी तो मापाच्या वहीत उतरवून घेतला. वर कुणाची तरी कंबर ३४, उंची ४०. खाली आमचे नऊ आकडे.