बादलीची साक्ष

स्वतःच्या अंगणात पोहण्याचा तलाव असणे प्राध्यापकाच्या पेशास शोभत नाही, हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु तलाव आमचा नव्हे, चिरंजीवांचा. त्यांनी सिंहगड रस्त्याच्या पलीकडे बंगला बांधला, त्यात आठ मीटर लांब व चार मीटर रुंद असा निळ्या फरशीचा तलाव करविला, आणि नोकरीनिमित्त ते सहकुटुंब परदेशी निघून गेले. मागे उरलो आम्ही, सौभाग्यवती आणि तलाव. आम्हांस पोहता येत नाही. काठावर खुर्ची टाकून उत्तरपत्रिका तपासावयाच्या, एवढाच आमचा त्या जलाशयाशी संबंध.

गेल्या एप्रिलात असेच बसलो असता फरशीचा एक नवा पट्टा उघडा पडलेला दिसला. काल तो पाण्याखाली होता. दुसऱ्या दिवशी आणखी बोटभर. पट्टी घेऊन मोजले तेव्हा पाणी दिवसाला दोन सेंटिमीटर उतरत असल्याचे आढळले. दोन सेंटिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे वाचकांस वाटेल. आम्हांसही वाटले होते. पण बत्तीस चौरस मीटरांच्या तलावात एक मिलिमीटर पाणी म्हणजे ३२ लिटर, आणि दोन सेंटिमीटर म्हणजे ६४०. पंधरवड्यात दहा हजार लिटरांचा एक टँकर जवळजवळ संपूर्ण नाहीसा! आणि हे कोठे, तर जेथून हाकेच्या अंतरावरील वस्तीत नळाला एक दिवसाआड पाणी येते तेथे.

वस्तीची आठवण झाली आणि आमचे चित्त त्याच वाटेने पुढे गेले. आमचे माळीबुवा त्या वस्तीत राहतात. सायंकाळी त्यांच्या सायकलला दोन कॅन लटकलेले आम्ही एकदा पाहिले होते. शिवाय तलावाच्या पूर्वेकडील कोपऱ्यात भर उन्हाळ्यात हरळी हिरवीगार होती. अर्थात जो मनुष्य गवतावर इतके पाणी ओततो तो घरी किती नेत असेल? क्लोरिनचा भपकारा येणारे ते पाणी घरी नेऊन कोण पिणार, हा प्रश्न आम्हांस त्या वेळी सुचला नाही. आम्ही महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवितो, हे येथे सांगितलेच पाहिजे.

‘‘माळीबुवा, रात्री तलावातले पाणी कोणी नेते की काय हो?’’ आम्ही विचारले. ‘कोणी’ हा शब्द आम्ही मोठ्या सभ्यतेने योजला होता. परंतु ज्यांना उद्देशून योजला त्यांस तो बरोबर पोहोचला.

‘‘नाय सर. कोण नेनार हितं?’’ ते म्हणाले. थोडे थांबून पुन्हा म्हणाले, ‘‘आन् त्या कोपऱ्याला मी पाणी घालत नाय. तरी हिरवं ऱ्हातंय.’’

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या सायकलच्या दांड्याला पाण्याची एक बाटली लटकू लागली. तोवर ते आमच्या ओसरीवरच्या माठातले पाणी पीत असत. ही बाटली सौभाग्यवतींनी आम्हांस दाखविली. आम्ही पाहूनही पाहिली नव्हती.

संशय एकदा घरात आला की त्याची बडदास्त ठेवावी लागते. एक रात्र आम्ही बॅटरी घेऊन ओसरीवर पहारा केला. कोणी आले नाही. एक मांजर येऊन पाणी पिऊन गेले. पहाटे पट्टी लावली तो पाणी उतरलेले! ही हकीकत आम्ही फोनवर चिरंजीवांस सांगितली, तेव्हा ते हसून म्हणाले, ‘‘बाबा, बादली ठेवून पाहिलीत का?’’

युक्ती अशी. बादलीत तलावाचेच पाणी घ्यावयाचे, तळाशी एक धोंडा टाकावयाचा, आणि तलावाच्या पायरीवर ती अशी ठेवावयाची की आतले व बाहेरचे पाणी एका पातळीत यावे. दोन्हीकडे पेन्सिलीची खूण करून चोवीस तास कोणी हात लावू नये. ऊन तेच, वारा तोच. तेव्हा वाफ होऊन जाणारे पाणी दोन्हीकडे सारखेच. तलाव जेवढा अधिक उतरेल तेवढी गळती. ऐकता ऐकता आमचे कान तापले. ज्ञात कारणाचा भाग वजा करावा व उरलेल्याचे कारण शोधावे, ही तर जॉन स्टुअर्ट मिलची अवशेष पद्धती! त्याचा ‘सिस्टिम ऑफ लॉजिक’ १८४३ साली निघाला, आणि आम्ही तो जवळजवळ तीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहो. पण दाराशी प्रसंग आला तेव्हा आम्ही बॅटरी घेऊन बसलो.

बादली आठ मिलिमीटर उतरली, तलाव वीस. अवशेष बारा. म्हणजे दिवसाला ३८४ लिटर, तासाला सोळा, मिनिटाला पाव लिटरांहून किंचित अधिक. इतक्या नियमाने व इतके थोडे थोडे पाणी अहोरात्र चोरणारा मनुष्य जगात असणे शक्य नाही.

मात्र गळती आहे हे कळणे निराळे, आणि कोठे आहे हे कळणे निराळे. पेशव्यांच्या काळी कात्रजहून शहरात पाणी आणणारे भुयारी नळ बांधले, त्यांवर जागोजागी उच्छ्वास ठेवलेले होते. आमच्या तलावाची नळी सिमेंटखाली गाडलेली. एक दिवस पंप चालू ठेवून व एक दिवस बंद ठेवून पाहिले, उतार तेवढाच. तेव्हा नळीवरचा संशय कमी होऊन तो भिंतीवर आला. मग पंप बंद करून पाणी आपल्या मर्जीने उतरू दिले. पाचव्या दिवशी ते स्किमरच्या, म्हणजे वरचा पालापाचोळा ओढून घेणाऱ्या चौकोनी खिडकीच्या, खालच्या कडेशी आले आणि जणू थबकले. त्यानंतर बादली व तलाव सारखेच उतरू लागले. खिडकी पूर्वेच्या भिंतीत होती. तिच्या पाठीमागे ती हिरवी हरळी.

शेवटचा पुरावा शाईचा. पुन्हा पाणी भरून स्थिर होऊ दिले व आम्ही काठावर पालथे पडलो. निळी शाई निळ्या फरशीवर दिसेना, म्हणून उत्तरपत्रिकांची लाल शाई ड्रॉपरमध्ये घेतली. तोल जाऊ नये म्हणून माळीबुवांनी आमचे पाय धरले होते. वास्तविक कोणी कोणाचे धरावयाचे होते, हे त्या स्थितीतही आमच्या लक्षात आले. शाईचा धागा क्षणभर पाण्यात तरंगला, मग वाकला, आणि खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात, प्लास्टिकची चौकट व सिमेंट यांच्या सांध्यातील केसाएवढ्या फटीत सरळ शिरला. उन्हाने दोन्ही सारखी फुगत नाहीत. सांधा कधीतरी सुटला होता.

पाण्याखालीही घट्ट होणारे लुकण मिळते. कारागिराने ते हाताने मळून फटीत भरले. अर्धा तासही लागला नाही. दुसऱ्या दिवशी बादली आठ, तलाव आठ.

‘‘माळीबुवा, आमची चूक झाली,’’ आम्ही म्हणालो. वाक्य तयार करून ठेवले होते त्याहून पुष्कळच आखूड निघाले.

‘‘असू द्या सर,’’ ते म्हणाले, आणि कोपऱ्याकडे पाहू लागले. ‘‘आता हरळीला पाणी घालावं लागंल.’’

मेच्या मध्यास ती पिवळी पडू लागली, तेव्हापासून ते रोज सायंकाळी तिला पाणी घालतात. नळाशी जाण्यापूर्वी ओसरीपाशी येऊन विचारतात, ‘‘सर, एक बादली घेऊ का?’’ विचारू नका, असे आम्ही त्यांस अनेकदा सांगितले आहे. बाटली अजून सायकलला आहे.