लेकीला दिल्लीला सोडायला जाताना

मागच्या वर्षी माझ्या मुलीला दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात प्रवेश मिळाला. घरात आनंद झाला, अन् त्याच दिवशी काळजीही सुरू झाली. "नागपूर जवळ असताना पोरीला एवढ्या लांब कशाला?" असे सासूबाईंपासून शेजारच्या खालाजानपर्यंत सगळ्यांनी विचारले. मुलीच्या अब्बांनी एवढेच म्हटले, "आधी जाऊन बघू." आम्ही गेलो. तेव्हापासून आमगाव, तिरोड्याच्या बहिणी फोन करून विचारतात, म्हणून हे लिहिते आहे.

सर्वांत आधी कागद. मायग्रेशन प्रमाणपत्र नागपूरच्या विभागीय मंडळातून आणावे लागते, त्याला दोन-चार दिवस ठेवा. तहसीलचे दाखले मराठीत असतात आणि दिल्लीच्या खिडकीवर मराठी वाचणारा मिळेलच असे नाही. इंग्रजी भाषांतर करून न्या. मूळ कागद एका पिशवीत, झेरॉक्स दुसऱ्या पिशवीत. प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृह मिळाले असे नाही. त्याचा अर्ज वेगळा असतो. लोकल गार्डियन कोण, हेही घरूनच ठरवून जा.

गोंदियाहून गोंडवाना आणि समता या दोन्ही गाड्या हजरत निजामुद्दीनला जातात. रोज नसतात, दिवस बघून घ्या. आरक्षण ६० दिवस आधी उघडते, पण प्रवेशाची तारीख उशिरा कळते. तत्काळची वेळ येऊ शकते, म्हणून आयआरसीटीसीचे खाते आधारशी आधीच जोडून ठेवा. निजामुद्दीनलाच उतरा, जामिया तिथून जवळ पडते. स्टेशनच्या दारात "तुमचे हॉटेल बंद झाले, माझ्यासोबत चला" म्हणणारे भेटतील. त्यांच्याशी बोलूच नका. प्रीपेड ऑटोच्या बूथवर जाऊन पावती घ्या.

प्रवासात नमाजची अडचण होत नाही. पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर आपल्या हनफी मसलकप्रमाणे जोहर, असर आणि इशाच्या चार फर्जऐवजी दोन. मगरिब मात्र तीनच. मुकामी इमामामागे पढलात तर पूर्ण चार.

शहरात फिरायला मेट्रोसारखे साधन नाही. पहिला डबा बायकांचा असतो. जामिया मिल्लिया इस्लामिया नावाचेच स्टेशन मॅजेंटा लाईनवर आहे. कालकाजी मंदिरला गाडी बदलून व्हायलेट लाईन धरली की थेट जामा मशीद येते. शाहजहानने बांधलेली ही मशीद १६५६ साली पूर्ण झाली. तिच्या दगडी फरशीवर उन्हात पाय भाजतात, मोजे जवळ ठेवा. लाल किल्ला सोमवारी बंद असतो. निजामुद्दीनच्या दर्ग्यात मजारच्या आत बायकांना जाता येत नाही, बाहेर जाळीजवळ बसून दुआ करता येते. अमीर खुसरोंची कबर तिथेच आहे, गालिबची थोड्या अंतरावर.

कपड्यांचा विचार गोंदियाच्या हिशेबाने करू नका. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीची थंडी हाडात शिरते आणि धुक्यामुळे गाड्या तासन् तास उशिरा धावतात. दिवाळीच्या सुमारास हवा इतकी खराब होते की दमेकरी माणसाने त्या दिवसांत जाऊच नये.

भाषेचेही सांगते. आमची वैदर्भी हिंदी तिथे ऐकली की लोक हसतात. मुलीने सुरुवातीला तोंडच उघडले नाही. मी म्हटले, "हसू दे, पत्ता तर सांगतात ना!" आता ती दिल्लीत 'आप' म्हणते आणि आमच्याशी फोनवर 'हव' म्हणते.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. परतीच्या आदल्या दिवशी मुलीला एकटीला मेट्रोने जाऊन येऊ द्या. फोनमध्ये ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे नंबर टाकून द्या, पण सोबत जाऊ नका. आमची मुलगी गेली, तेव्हा तिचे अब्बा दोन तास खोलीत येरझाऱ्या घालत होते. ती परत आली ती येताना दुकानातून बादली आणि मग घेऊन. ते बघून अब्बा मला म्हणाले, "परतीची तिकिटं दोनच आहेत ना? बरोबर आहे."